घरच्या वर्कशॉपमधला मोठा लेथ : भांडवल आणि उभारणी

सहा फूट किंवा त्याहून लांब बेडचा, टन-दोन टन वजनाचा लेथ घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळमजल्याच्या खोलीत बसवायचा म्हटले की दोन कामे एकदम अंगावर येतात : पैसा उभा करणे आणि जागा तयार करणे. पहिले काम बँकेत चालते, दुसरे गवंडी, वायरमन आणि क्रेनवाल्याच्या हातून होते. दोन्हीकडची माणसे वेगळी, बोलणी वेगळी. म्हणून बहुतेक जण ती एकामागून एक उरकतात. आधी कर्ज, मग यंत्र, मग जागेचे काय ते बघू. गोंधळ इथेच होतो. कर्जाची रक्कम विक्रेत्याच्या खात्यात पडली त्या दिवसापासून व्याज चालू होते. काँक्रीटला मुरायला त्याचे दिवस लागतात आणि थ्री-फेज मीटर यायला त्याचे. हे दिवस आधी मोजले नाहीत, तर पहिले तीन-चार हप्ते बंद यंत्रावर जातात. लेथ कसा चालवावा हा या पुस्तकाचा विषय नाही. त्यासाठी आयटीआयची क्रमिक पुस्तके आहेत. लेथ घ्यावा असे मनात आल्यापासून त्यावरून बरोबर मापाचा पहिला जॉब उतरेपर्यंत काय काय करावे लागते, एवढाच आवाका इथे धरला आहे.

महाराष्ट्रात घरचा लेथ छंदासाठी क्वचितच असतो. कंपनीतून बाहेर पडलेला टर्नर, आयटीआय करून काही वर्षे दुसऱ्याच्या शेडमध्ये काम केलेला तरुण, किंवा तालुक्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पंपांची दुरुस्ती करणारा कारागीर, असे लोक तो घेतात. भोसरी-चिंचवड, सातपूर-अंबड, वाळूज या पट्ट्यांत मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क मिळते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीचे कास्टिंग, इचलकरंजीला मागांचे रूळ, आणि साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामापूर्वीच्या दुरुस्तीतले शाफ्ट आणि बुश. या सगळ्यामागे एक परंपराही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिचे लेथ देशभर गेले. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटी स्थापन झाली, तिनेही सुरुवात लेथनेच केली. त्या काळातली यंत्रे आजही हात बदलत फिरतात, आणि घरच्या वर्कशॉपवाल्यासमोरचा पहिला प्रश्न त्यांच्यामुळेच उभा राहतो : जुने चांगले घ्यावे की नवे साधे?

त्याआधी आकाराचा उलगडा व्हायला हवा. बाजारात लेथ बेडच्या लांबीवर विकला जातो : साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी, दहा फुटी. नवख्या गिऱ्हाइकाला वाटते की सहा फुटी लेथवर सहा फुटांचा शाफ्ट बसेल. प्रत्यक्षात हेडस्टॉक आणि टेलस्टॉक बेडवरच बसतात, आणि दोन सेंटरांमध्ये जेमतेम मीटरभर जागा उरते. तेव्हा विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी वेगळ्या : दोन सेंटरांमधले अंतर किती, सेंटरची उंची किती, कॅरेजवरून किती व्यासाचा जॉब फिरतो, स्पिंडलच्या भोकातून किती जाडीचा बार आरपार जातो. गॅप बेड असेल तर चकजवळचा तुकडा काढून मोठ्या व्यासाची पुली किंवा फ्लँज धरता येते. दुरुस्तीच्या कामाला हे फार उपयोगी पडते, पण एकदा काढलेला गॅपचा तुकडा पुन्हा जसाच्या तसा बसवणे जिकिरीचे असते आणि पुष्कळ जुन्या लेथवर तो हरवलेलाच असतो. कोन पुलीचा लेथ स्वस्त पडतो आणि त्याची दुरुस्ती गावातही होते. ऑल गिअर लेथला वेग बदलायला वेळ लागत नाही आणि जड कट मारताना पट्टा घसरत नाही. रोज एकसारख्या जॉबचा ढीग काढणाऱ्याने गिअरचा घ्यावा. सगळ्यांत मोठे परवडेल तेवढे घ्यायचे, हा सल्ला मात्र ऐकू नये. वर्षातून दोनदा येणाऱ्या दहा फुटी शाफ्टसाठी दहा फुटी लेथ घेणाऱ्याला उरलेले वर्ष त्या लांबीचा हप्ता, जागा आणि वीज पोसावी लागते. तो शाफ्ट शेजारच्या शेडमध्ये पाठवून दिलेला बरा.

नवा लेथ बटाला, लुधियाना, राजकोट किंवा कोइमतूरकडून येतो. मशिनटूलवर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ५ लाखांच्या यंत्राचे बिल ५ लाख ९० हजारांचे. जीएसटी नोंदणी असेल तर हे ९० हजार पुढच्या विक्रीवरच्या करातून वळते करून घेता येतात. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजना घेतली असेल तर ते किमतीतच बुडतात. शिवाय कराची वजावट घेतली तर त्या रकमेवर आयकरात घसारा मागता येत नाही. घसारा यंत्रावर साधारण १५ टक्के मिळतो, आणि वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर निम्माच. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर सुरू झालेल्या लेथला त्या आर्थिक वर्षात साडेसात टक्क्यांवर समाधान मानावे लागते.

जुना लेथ बघायला जाताना सोबत डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि जाणता टर्नर न्यावा. ताजा हिरवा किंवा करडा रंग ही जुन्या लेथची सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती असते, तिच्यावर जाऊ नये. बेड सर्वांत जास्त झिजतो तो चकपासून फूट-दीड फुटाच्या पट्ट्यात, कारण बहुतेक कामे तिथेच होतात. कॅरेज तिथे उभी करून तिचा लॉक हलका आवळावा, की सरकवताना किंचितच अडेल. मग तीच कॅरेज टेलस्टॉककडे ओढावी. चकजवळ मोकळी चालणारी कॅरेज टोकाला घट्ट होऊन अडली, तर बेड मधे खाल्ला गेला आहे. स्पिंडलच्या बेअरिंगसाठी डायल गेजचा पॉइंट स्पिंडलच्या नाकावर टेकवायचा आणि चकमध्ये धरलेल्या लाकडी दांड्याने स्पिंडल वर उचलायचा. काटा किती हलतो ते बघायचे. लीड स्क्रूवरचा हाफ नट आटे खाल्लेला आहे का, चेंज गिअरचा पूर्ण संच आहे का, क्रॉस स्लाइडच्या हँडलला किती मोकळा फेर आहे, हेही पाहावे. क्रॉस स्लाइडचा नट थोड्या पैशांत बदलतो. झिजलेला बेड ग्राइंड करायला न्यायचा तर यंत्र पूर्ण उतरवावे लागते, आणि ग्राइंड झाल्यावर कॅरेज खाली बसते, त्यामुळे लीड स्क्रूची रेषा पुन्हा जुळवावी लागते. हा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोली लावावी. आणि जुन्या यंत्राची सर्वांत मोठी अडचण झिजेची नसतेच. कर्ज देणाऱ्याला ते यंत्र पटवायचे असते.

बँकेला लेथ हवा असतो तो नव्या कोटेशनच्या आणि जीएसटी बिलाच्या रूपात. यंत्राचे कर्ज हे बहुधा मुदत कर्ज असते आणि यंत्र नजरगहाण राहते : यंत्र कर्जदाराच्या ताब्यात, हक्क बँकेचा. पैसे कर्जदाराच्या हातात येत नाहीत, थेट विक्रेत्याला जातात. किमतीच्या १० ते २५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. काही बँका ही टक्केवारी कर वगळून धरतात, म्हणजे जीएसटीची पूर्ण रक्कमही खिशातूनच. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. तिच्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. तरुण गटातले कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांचा तरुण प्लस हा गट आला. साध्या लेथसाठी किशोर किंवा तरुण गटच कामाचा. मुद्रा ही अनुदानाची योजना नव्हे, हे मात्र अर्ज करण्याआधी घरच्यांनाही समजावून सांगावे, कारण गावोगाव तिच्याबद्दल उलट समजूत आहे.

अनुदान मिळते ते प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात. २००८ पासून चाललेल्या या योजनेत उत्पादन उद्योगाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत धरला जातो. खुल्या गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक अशा विशेष गटांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा खुल्या गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. महाराष्ट्र शासनाने २०१९ पासून याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम चालवला आहे आणि त्याचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून पुढे सरकतो. दोन्हींत अनुदान हातात पडत नाही. पीएमईजीपीत ते कर्जदाराच्या नावाने बँकेत तीन वर्षे मुदत ठेव म्हणून अडकून राहते, त्यावर व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची पडताळणी झाली की ती रक्कम कर्जात जमा होते. मधे शेड बंद पडली तर अनुदानही गेले. शिवाय ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी लेथ घेऊन मग अर्ज करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. मराठा समाजातल्या अर्जदारांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. तिच्यात हप्ता आधी स्वतः भरायचा आणि व्याजाचा भाग नंतर खात्यात येतो, म्हणजे मधल्या काळाची रोकड जवळ असावी लागते.

या सगळ्याला वेळ नसला की माणूस खासगी फायनान्सकडे किंवा विक्रेत्याच्याच हप्त्यांकडे वळतो. तिथे व्याजाचा दर ऐकताना तो घटत्या बाकीवर आहे की सरळ, एवढे एक विचारावे. ५ लाख रुपये पाच वर्षांसाठी ११ टक्के घटत्या बाकीने घेतले तर हप्ता सुमारे १०,८७० रुपये बसतो आणि एकूण व्याज दीड लाखाच्या थोडे वर जाते. तेच ५ लाख ‘११ टक्के फ्लॅट’ने घेतले तर पाच वर्षांचे व्याज २ लाख ७५ हजार आणि हप्ता सुमारे १२,९१७. दोन्हीकडे तोंडी दर ११च. पण दुसऱ्याचा खरा दर पावणेएकोणीस टक्क्यांच्या घरात जातो. यावर प्रक्रिया शुल्क आणि विमा वेगळा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास काय आकारणार, हेही करारावर सही करण्यापूर्वीच वाचून घ्यायचे.

हप्ता परवडतो की नाही हे महिन्याच्या उत्पन्नावरून ठरवण्याची पद्धत आहे. लेथच्या बाबतीत ते तासांवरून ठरवणे जास्त खरे. १०,८७० रुपयांचा हप्ता आणि महिन्याला २५ दिवस, रोज सहा तास प्रत्यक्ष कट चालू, असे धरले तर तासाला ७२ रुपये हप्त्याचे झाले. रोजचे तीनच तास भरले तर १४५. सुरुवातीच्या महिन्यांत ओळखी होईपर्यंत महिन्याला साठ तास मिळाले तर हाच आकडा १८० च्या वर जातो. पाच हॉर्सपॉवरची मोटर निम्म्या भारावर तासाला दोन-अडीच युनिट खाते. त्यात टूल बिट, इन्सर्ट, तेल, कूलंट आणि स्वतःची मजुरी मिळवायची. नवा माणूस शेजाऱ्याचा दर ऐकून त्याहून दहा रुपये कमी सांगतो, आणि शेजाऱ्याचा लेथ वीस वर्षांपूर्वीच फिटलेला आहे हे विसरतो. दर ठरवताना जॉब धरण्याचा, मोजण्याचा आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याचा वेळही तासांत धरावा, नाहीतर तो फुकट जातो.

पैसे मिळायला लागणारा वेळ हा आणखी एक खर्च. मोठ्या कारखान्यांकडून जॉबवर्कचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बँक तेवढे थांबत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. ती असलेल्या सूक्ष्म उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्कही आहे. घरच्या लेथवाला आपल्या एकमेव मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध हा हक्क क्वचितच बजावतो, हेही तितकेच खरे. म्हणून सगळे भांडवल यंत्रात ओतू नये. तीन महिन्यांचे हप्ते आणि पहिल्या महिन्यांची वीज, टूल आणि घरखर्च एवढे बाजूला ठेवून जे उरेल त्यात बसणारा लेथ घ्यावा, मग तो इच्छेपेक्षा दोन फुटांनी लहान असला तरी चालेल. बँकेकडे मोरेटोरियम, म्हणजे हप्ते सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत, आवर्जून मागावी. तिच्या काळातही व्याज चढतच असते; पण उभारणीच्या आठवड्यांत मुद्दलाचा भार तरी टळतो.

उभारणीचा आरंभ जागेपासून. वरच्या मजल्याचा विचार करूच नये. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून बांधलेला असतो. दोन टनांचा लेथ दोन-अडीच चौरस मीटरवर उभा राहिला की हा भार चौपट-पाचपट होतो, आणि तोही पायांच्या चार-सहा ठिकाणीच एकवटलेला. तळमजल्यावर किंवा अंगणातल्या शेडमध्ये लेथच्या मागे माणूस झाडू घेऊन शिरेल एवढी जागा सोडावी. हेडस्टॉकच्या डावीकडे लांब बार स्पिंडलमधून बाहेर येतो, तिकडे भिंत असेल तर खिडकी त्या रेषेत ठेवण्याची युक्ती जुने लोक करतात. निवासी भागात ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चांगल्या स्थितीतला लेथ तसा शांत असतो. आवाज येतो तो झिजलेल्या गिअरचा, तुटक कट मारण्याचा आणि लोखंड फरशीवर टाकण्याचा. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा या तिसऱ्या कारणाने होते. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला बँकही मागते, म्हणून तो पहिल्या आठवड्यातच मिळवलेला बरा.

विजेचा अर्जही तेव्हाच टाकावा. तीन हॉर्सपॉवरच्या वरच्या मोटरला थ्री-फेज पुरवठाच लागतो. लहान मोटरसाठी सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी हा मार्ग आहे, आणि त्याने वेगही हवा तसा बदलता येतो. मोठ्या लेथला तो तात्पुरताच. घरगुती किंवा शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवण्याचा मोह गावाकडे फार. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली हा अनधिकृत वापर ठरतो, आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून हे सांगता आले नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. लघुदाब औद्योगिक जोडणी घ्यायला मंजूर भार, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि महावितरणने दिलेल्या कोटेशनचा भरणा, अशी पायरी असते. खांबावर थ्री-फेज तार नसेल तर खर्च आणि कालावधी दोन्ही वाढतात. लेथ निवडण्याआधी तो खांब बघून यावा. मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत. एक फेज गेल्यावर मोटर जळू नये म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. ग्रामीण पुरवठ्यात त्याची किंमत पहिल्या पावसाळ्यातच वसूल होते.

पाया हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि महाराष्ट्रात तर त्याला मातीचे कारण जोडलेले. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी मुरले की ती फुगते आणि वैशाखात भेगाळून आकसते. तिच्यावर नुसती फरशी करून बसवलेला लेथ वर्षातून दोनदा आपोआप लेव्हलमधून जातो, आणि टर्नर टूलला दोष देत राहतो. काळी माती काढून मुरुमापर्यंत खोदावे, मुरूम ओला करून ठोकून बसवावा, त्यावर दगडी सोलिंग आणि मग सळयांचे काँक्रीट. दीड टनापर्यंतच्या लेथला २०० मिलिमीटर जाडी सहसा पुरते. त्याहून जड यंत्राला उत्पादकाचा फाउंडेशन ड्रॉइंग मागून घ्यावा. हा ठोकळा घराच्या जोत्यापासून आणि बाकीच्या फरशीपासून सुटा ठेवावा, मधे इंचभर फट ठेवून ती थर्मोकोलने भरावी. फाउंडेशन बोल्टसाठी खळगे सोडून ठेवायचे. काँक्रीटवर रोज पाणी मारत २८ दिवस द्यावेत असे पुस्तक सांगते. घाई असली तरी आठवड्याभरात त्याची जेमतेम दोन-तृतीयांश ताकद आलेली असते, हे लक्षात ठेवून यंत्र चढवावे. कोकणात जांभ्याची जमीन घट्ट असते, तिथे पायाचा त्रास कमी. पण खारी दमट हवा उघड्या बेडवर एका रात्रीत तांबूस झाक आणते, त्यामुळे काम संपल्यावर तेलाचा हात फिरवायची सवय लावूनच घ्यावी लागते.

यंत्र येण्याच्या दिवशी हायड्रा क्रेन गल्लीत वळते का, वरून विजेच्या तारा किती खाली आहेत, दाराची रुंदी किती, हे आदल्या दिवशी टेप लावून पाहिलेले असावे. लेथचे बरेच वजन हेडस्टॉककडे असते आणि ते वरच्या बाजूला असते, म्हणून पट्टा बेडच्या मधोमध टाकला तर यंत्र डावीकडे कलते. कॅरेज आणि टेलस्टॉक उजव्या टोकाकडे सरकवून आवळायचे, पट्टा बेडच्या खालून घ्यायचा, आणि तो लीड स्क्रू किंवा फीड शाफ्टवर टेकणार नाही म्हणून मधे लाकडी ठोकळे द्यायचे. वाकलेला लीड स्क्रू डोळ्यांना दिसत नाही. आटे पाडताना दिसतो. शेडच्या आत क्रेन पोचत नाही. तिथे जाड पाइपचे रोळे, पहारी आणि सावकाश ढकलणारी अनुभवी टोळी, हाच उपाय. एका वेळी एकच माणूस हुकूम देईल आणि रोळा उचलताना कुणाचाही हात यंत्राखाली जाणार नाही, हे दोन नियम टोळीच्या म्होरक्याने आधीच सांगितले नसतील तर मालकाने सांगावेत.

लेव्हलिंगला साधी गवंड्याची लेव्हल चालत नाही. एका रेषेला मीटरमागे ०.०२ मिलिमीटर दाखवणारी प्रिसिजन लेव्हल लागते. ती विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या कारखान्यातून दिवसभरासाठी मागून आणावी. कास्ट आयर्नचा बेड कितीही भक्कम दिसला तरी चार पायांपैकी एक कमी टेकला की लांब ओल्या फळीसारखा पीळ घेतो. लेव्हल आधी बेडच्या लांबीवर ठेवून बघायची, मग आडवी : एकदा हेडस्टॉकजवळ, एकदा टेलस्टॉकच्या टोकाला. दोन्ही आडव्या जागी बुडबुडा एकाच ठिकाणी आला पाहिजे, मग तो मध्यावर नसला तरी चालेल. जहाजावरच्या वर्कशॉपमधला लेथ डोलत्या समुद्रातही बरोबर माप देतो तो याचमुळे. त्याच्या बेडला पीळ नसतो. पायांखालचे बोल्ट किंवा पातळ पत्र्याच्या शिम घालत-काढत हे जुळवायचे. मग खळग्यांत न आकसणारा ग्राऊट ओतायचा, तो घट्ट होईपर्यंत थांबायचे, बोल्ट समान आवळायचे, आणि लेव्हल पुन्हा पाहायची. आवळताना ती बहुधा थोडी बिघडलेली असते.

शेवटचा निकाल लेव्हल देत नाही, जॉब देतो. चकमध्ये ५० मिलिमीटर व्यासाचा बार दीडशे-दोनशे मिलिमीटर बाहेर काढून धरायचा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. दोन टोकांना दोन कडी ठेवून मधला भाग कमी करायचा, आणि धारदार टूलने, टूल न हलवता, दोन्ही कड्यांवर अगदी बारीक शेवटचा कट मारायचा. मायक्रोमीटरने दोन्ही मापे घ्यायची. बाहेरच्या टोकाचे कडे मोठे निघाले, तर तिथे टूल जॉबपासून लांब गेले आहे. टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित उचलला की कॅरेज मागे कलते आणि टूल आत येते. सेंटरची उंची २२० आणि पायांतले आडवे अंतर ३०० मिलिमीटर असेल, तर त्या टोकाला ०.०३ मिलिमीटरची शिम टूलला साधारण ०.०२ ने आत आणते आणि व्यासात तो फरक दुप्पट दिसतो. चकजवळच्या दीडशे मिलिमीटरच्या लांबीत त्याचा थोडाच वाटा उतरतो, म्हणून शिम बदलायची, पुन्हा कट मारायचा, पुन्हा मोजायचे, असे संयमाने करावे लागते. यंत्र तपासण्याची ही शिस्त जर्मन अभियंता गेओर्ग श्लेसिंगर याने १९२७ मध्ये पुस्तकरूपाने बांधून दिली, आणि नव्या लेथसोबत येणारा टेस्ट चार्ट तिच्याच वंशातला. विक्रेत्याकडून तो सहीनिशी मागून घ्यावा. पहिल्यांदा वीज देताना मोटर कोणत्या दिशेने फिरते हे चक काढून बघायचे. फेज उलट लागली असेल तर आट्याच्या नाकाचा चक सुटून उडू शकतो, आणि गिअर हेडमधला तेलाचा पंप उलट फिरून तेलच चढवत नाही.

घरातला लेथ म्हणजे घरातली माणसे आसपास असणार. मेन स्विचला कुलूप लागेल असा आयसोलेटर, चकवर गार्ड, आणि चकची चावी चकमध्ये कधीही न ठेवण्याचा नियम, एवढे पहिल्या दिवसापासून. ओढणी, सैल बाह्या, हातमोजे फिरत्या जॉबजवळ नकोत. एकाच फेजवरच्या जुन्या ट्यूबलाइटखाली ठरावीक वेगाला फिरता चक थांबल्यासारखा दिसतो, म्हणून लेथवर एलईडीचा स्वतंत्र दिवा लावावा. घराच्या विमा पॉलिसीत लेथ धरलेला नसतो. बँक यंत्राचा विमा मागते, त्यात आगीसोबत विजेच्या बिघाडाचे कलम आहे का हे मालकाने पाहायचे. बँक पाहते ते पॉलिसीवरचे स्वतःचे नाव.

पहिल्या पावसाळ्यानंतर आणि पहिल्या उन्हाळ्यात लेव्हल पुन्हा तपासावी. काळ्या मातीच्या भागात त्यानंतरही दर वर्षी. बँकेचा माणूस अधूनमधून यंत्र जागेवर आहे का ते पाहायला येतो, आणि लेथवर बँकेच्या नजरगहाणाची पाटी लावावी लागते. कर्ज फिटले की बँकेकडून ना हरकत दाखला लेखी घ्यावा, विमा पॉलिसीवरचे बँकेचे नाव काढून घ्यावे आणि पीएमईजीपीच्या पडताळणीचे कागद मूळ बिलासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावेत. पुढे मोठा लेथ घ्यायचा झाला किंवा हाच विकायचा झाला, तर घेणारा टेस्ट चार्टइतकीच ही फाइल मागतो.